चार रिकाम्या मात्रा

माझी पुतणी पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीत ती जबलपूरला आली ती डोक्यापासून पायापर्यंत काळी. काळे बूट, काळा झगा, नखं काळी आणि ओठ असे, की हिनं वाटीभर जांभळं खाल्ली आणि तोंड धुवायचं विसरली. आमच्या वहिनी दारात पणती लावत होत्या, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पणती विझली. मी तिला विचारलं, हे काय ग? तर म्हणाली, "काका, याला गॉथ म्हणतात. तुला नाही कळणार."

मी खुर्चीत ताठ झालो. घसा साफ केला. अशी संधी माणसाला वारंवार येत नाही.

"बेटा," मी म्हणालो, "तुझा काका गॉथ होता. याच गावात. आमचा बँड होता."

ती इतकी हसली की ओठांचा रंग दातांना लागला. माझं पोट, माझी कानटोपी, खुंटीवरची बँकेची पिशवी, हे सगळं तिनं एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा हसली. मग पुरावा मागितला.

पुरावा नाही. एक कॅसेट होती, तिच्यावर आमच्या बँडमधल्या डेरिकच्या मावशीनं चर्चची गाणी भरून टाकली. एक फोटो काढला होता, पण तो घोड्यांच्या अंधाऱ्या पागेत, तिघंही काळ्या कपड्यांत. धुऊन आला तेव्हा त्यात फक्त दातांच्या दोन ओळी दिसत होत्या. एक माझी, एक डेरिकची. तिसरा माणूस फोटोत होता, अगदी मधोमध होता, पण तो हसला नव्हता.

तो मिलिंद रामटेके. तो हसत नसे.

मिलिंदचं घर फॅक्टरीच्या क्वार्टरांमागच्या वस्तीत. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे कामाला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मग प्रांताची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, राजधानी भोपाळनं नेली, आणि इथल्या मराठी माणसाच्या हाती एक गणपती, एक वाचनालय आणि एक तक्रार राहिली. आमचं घराणं मराठ्यांच्या काळातल्या चाकरीपासून इथलं, त्यामुळे तक्रार करायचा आमचा सराव जास्त. आमच्या घरून त्या वस्तीत कोणी जात नसे. का, ते कोणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. मिलिंद मला भेटला तो कॉलेजात, शेजारच्या बाकावर.

रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याबद्दल खेद व्यक्त करणारी बाई असते ना? तिला जितका खेद असतो, तितकाच मिलिंदच्या आवाजात असे. तो ज्या आवाजात वेळ सांगायचा, त्याच आवाजात सांगायचा की तुझ्या शर्टावर विंचू आहे. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. विंचू खरोखर होता. मी उड्या मारल्या, अर्धं कॉलेज गोळा केलं, शर्ट फाडला, आणि मिलिंद शांतपणे म्हणाला, "तिकडून नाही. डाव्या बाजूनं काढ."

सदरला, म्हणजे छावणीच्या बाजारात, एक चहावाला होता, काचेच्या ग्लासात चहा द्यायचा. आम्ही सगळे ग्लास वरच्या कडेला दोन बोटांनी धरायचो आणि तरी हाय हुय करायचो. मिलिंद पूर्ण पंजानं धरायचा, पाण्याचा ग्लास धरावा तसा. मी विचारलं, हात भाजत नाही का रे?

त्यानं हाताकडे पाहिलं. "भाजत असंल," म्हणाला.

हे त्याचं सगळ्याच बाबतीत होतं. खव्याची जिलेबी खाऊन जबलपूरचा माणूस डोळे मिटतो, मिलिंद म्हणायचा, "गोड आहे." सदरच्या चौकात एकदा लष्कराच्या ट्रकनं त्याच्या सायकलला धक्का दिला. सायकलचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं, मिलिंद नालीत. जवान उतरून धावले. हा उठला, नालीतून डबा शोधून काढला, उघडून पाहिला आणि त्यांना सांगितलं, "दही सांडलं." एवढीच तक्रार. त्या भल्या माणसांनी त्याला दही घेऊन दिलं.

आम्हाला वाटायचं ही त्याची ऐट आहे. त्या वयात आम्ही सगळेच कसली ना कसली ऐट करत होतो. मी नाटकातल्यासारखा बोलायचो (अजूनही बोलतो, असं घरचे म्हणतात). त्यामुळे त्यानं न बोलायची ऐट निवडली असेल, असं मी धरून चाललो होतो. मग त्याची आई गेली.

मी त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तो त्या दिवशी. सकाळची वेळ. लहानशा अंगणात बायका बसलेल्या, नागपूरहून आत्या रात्रभर प्रवास करून आलेली. वडील, सुखदेवकाका, भिंतीला टेकून मोठ्यानं रडत होते. मोठा देखणा, भरदार माणूस, फॅक्टरीत लोखंड उचलणारा, आणि लहान मुलासारखा रडत होता. मिलिंद शेजारी बसला होता. कोरडा.

आमच्याकडे असं आहे की ज्याचं माणूस गेलं तो रडला नाही तर बायकांना त्याची भीती वाटते. आत अडकतं, म्हणतात, मग माणूस वेडा होतो. म्हणून त्या त्याला रडवतात. आत्यानं त्याला कुशीत घेऊन हलवलं. "रड रे बाबा. तुझी माय गेली. आता कोण जेवू घालंन तुले? रड." शेजारणींनी त्याच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. एकीनं आईची साडी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. तो सगळ्यांकडे मन लावून पाहत होता. जणू त्यांना काहीतरी हवं आहे आणि ते त्याच्याजवळ असतं तर त्यानं लगेच दिलं असतं.

"काही वाटून नाही राहिलं," तो मला हळूच म्हणाला. तक्रार नव्हती. पाय बधिर झाला की आपण शेजारच्याला सांगतो, तसं.

आणि तेवढ्यात नळ आला.

त्या वस्तीत नळ सकाळी थोडाच वेळ यायचा. आधी नुसती हवा फुसफुसायची, मग खोकल्यासारखा आवाज, मग पाणी. तो आवाज झाला आणि मिलिंद उठला. मांडीवरची साडी घडी करून बाजूला ठेवली. बादल्या घेतल्या, घागर घेतली, आणि अंगण भरून माणसं बसलेली असताना, आत आई निजवलेली असताना, त्यानं घरातलं सगळं पाणी भरलं. प्रत्येक भांड्यावर झाकण ठेवलं. हात पुसले आणि परत येऊन जागेवर बसला.

बायका गप्प झाल्या. सुखदेवकाकांचं रडणंसुद्धा थांबलं. ते मुलाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माय घरात पडली आहे, अन हा पाणी भरून राहिला. याले काहीच नाही वाटत."

त्यानंतर ते मिलिंदशी बोलले नाहीत. एक दिवस नाही, वर्षभर.

दोनच माणसं घरात, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नाही. मी जाऊ लागलो ते यामुळेच. माझा त्या घराला उपयोग होता. मी गेलो की सुखदेवकाका मला सांगायचे, "शशी, विचार त्याले, भाजी पाहिजे काय." मिलिंद हातभर अंतरावर जेवत असायचा. मी मिलिंदला विचारायचो, मिलिंद म्हणायचा, पाहिजे. मी काकांना सांगायचो, "म्हणतो, काका, तुमच्या हातची भाजी म्हणजे काय विचारता, अमृत आहे, जन्मभर हीच मिळो." काका माझ्याकडे डोळे वटारायचे. मिलिंद म्हणायचा, "मी फक्त पाहिजे म्हटलं." तेसुद्धा मलाच.

काकांच्या बोलण्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. फॅक्टरीची नोकरी हे त्यांचं पोट होतं, पण जीव होता गायन पार्टीत. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत मोठा कार्यक्रम व्हायचा, नागपूरहून नावाजलेले गायक यायचे, आणि स्थानिक मंडळी त्यांच्या मागे कोरसला बसायची. काका कोरसमध्ये. मुख्य गायक कधीच झाले नाहीत, व्हायचंही नव्हतं. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात खंजिरी घेऊन बसायचे. गायकानं ओळ टाकली की तिचा शेवट उचलायचा आणि परत त्याच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. मला त्यांनी ते एकदा समजावून सांगितलं होतं. "गाणारा उडवते, शशी, अन आपण झेलतो. तो चुकला, विसरला, दारू पिऊन आला, काही असो. ओळ खाली नाही पडली पाहिजे." बायको गेल्यापासून मात्र ते कोरसला बसले नव्हते. खंजिरी खुंटीला होती.

आता डेरिक. डेरिक हा सदरच्या जुन्या बंगल्यात राहणारा अँग्लो-इंडियन, वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, काका परदेशात. त्या काकानं एक गिटार, एक बासगिटार, त्यांचा आवाज वाढवणारं एक यंत्र आणि पुठ्ठ्याचं खोकं भरून कॅसेटी पाठवल्या होत्या. बंगल्यामागे घोड्यांची रिकामी पागा होती, तिथे आम्ही बसायचो. एका दुपारी त्यानं एक कॅसेट लावली. मागे कुठेतरी गिटार रडते आहे, बास एकाच जागी येरझाऱ्या घालतो आहे, ढोल असा की कोणीतरी बंद दारावर धीमेपणानं थापा मारतंय, आणि गाणारा? त्याला गाण्याशी काही देणंघेणंच नव्हतं. मी विचारलं, याच्या घरी कोणी वारलं आहे का? डेरिकनं सांगितलं की याला गॉथ म्हणतात, पोस्ट-पंक म्हणतात. मला पंकच ठाऊक नव्हता, तर त्याच्या पुढचा कुठून ठाऊक असणार?

मिलिंद चहाचा ग्लास पूर्ण पंजात धरून ऐकत होता. गाणं संपलं.

"हा माझ्यासारखा आहे," म्हणाला. "परत लाव."

तोवर मी त्याच्या तोंडून कशाबद्दल 'परत' हा शब्द ऐकला नव्हता.

असा आमचा बँड झाला. डेरिक गिटारला, मिलिंद बासला आणि गायला, आणि मी ढोलकीला, कारण घरी ढोलकी होती. डेरिकची पहिली सूचना मला होती (जबलपुरात दोस्ताला बड्डे म्हणतात). "बड्डे, नाचने का नहीं है. मरने का है." ढोलकी हातात देऊन ठेका धरू नको म्हणणं, हा माझ्यावर झालेला मोठा अन्याय. माझी बोटं आपोआप लग्नाकडे वळायची. डेरिक गिटार थांबवून नुसता पाहायचा.

नाव मिलिंदनं दिलं. तेरवी. मी हादरलो. अरे, तेराव्या दिवसाचं जेवण, ते का कोणी बँडचं नाव ठेवतं? मिलिंद म्हणाला, "आमच्यात नसते ते. नाव रिकामंच होतं. घेतलं." डेरिकला अर्थ सांगितल्यावर तो आनंदानं नाचला, आणि मग आपण मरायचं आहे हे आठवून थांबला.

कपडे रंगाऱ्याकडे काळे करून घेतले. जबलपूरचा उन्हाळा. घामानं रंग सुटायचा आणि माझी पाठ आठवडाभर काळी राहायची. आईनं मला पहिल्यांदा त्या अवतारात पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाली, "संक्रांत गेली की रे." डोळ्यांत काजळ, तोंडाला पावडर. मी आणि डेरिक त्यात रामलीलेतल्या दुय्यम राक्षसांसारखे दिसायचो. मिलिंद मात्र आधीसारखाच दिसायचा. त्याच्या चेहऱ्यावर जे आधीपासून होतं, तेच आम्ही पावडरनं आणायला बघत होतो.

लोक विचारतात, अंडरग्राउंड म्हणजे काय? अंडरग्राउंड म्हणजे जे कोणालाच माहीत नाही. त्या अर्थानं आमच्याइतका अंडरग्राउंड बँड देशात झाला नसेल. पागेच्या पलीकडे आमचा एकच श्रोता होता, डेरिकची मावशी, आणि ती खिडकी लावून घ्यायची.

गाणी मिलिंदची. लिहून आणायचा नाही. डोळे समोरच्या भिंतीवर ठेवायचा आणि म्हणायचा. एक गाणं होतं, ते आमचं मुख्य गाणं. शब्द असे:

नळ आला.
दूध पाहा.
जेवून घ्या.
दार लावलं काय?

बस. हेच, फिरून फिरून, रेल्वेच्या बाईच्या आवाजात. डेरिकला मराठी येत नव्हती, मी त्याला अर्थ सांगितला, तर तो डोक्याला हात लावून बसला. "दरवाज़ा मतलब मौत है, बड्डे. क्या लिखता है ये आदमी." मीसुद्धा मागे कशाला राहू? उतू जाणारं दूध म्हणजे वाया चाललेली पिढी, असं मी कॉलेजच्या कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगितलं. मिलिंदला विचारलं, बरोबर ना? तो म्हणाला, "दूध उतू जाते. म्हणून पाहा म्हटलं."

भांडण झालं ते रिकाम्या जागेवरून. प्रत्येक ओळीनंतर मिलिंद चार मात्रा गप्प राहायचा. बाससुद्धा थांबवायचा. नुसती माझी थाप, धप, धप, धप, धप, आणि मग पुढची ओळ. डेरिकला ते भगदाड सहन होईना. त्यानं तिथे गिटारचे सूर भरले. मिलिंदनं गाणं थांबवलं.

"इथं नको."

"क्यों? खाली है."

"जागा आहे ती."

"किसकी?"

मिलिंदनं पुन्हा पहिल्यापासून बास धरला. डेरिकनं दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाहिलं, मिलिंदनं पुन्हा थांबवलं. आवाज न चढवता. एखादा माणूस बसमध्ये शेजारच्या सीटवर रुमाल ठेवून बसतो आणि येईल त्याला शांतपणे सांगतो, कोणीतरी येणार आहे. तसा. डेरिकनं हार मानली आणि ते दुःखाचं रिकामपण आहे असं ठरवून टाकलं. मी होकार दिला. आम्हा दोघांना कशाचाही अर्थ लावता यायचा.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या समितीला लाउडस्पीकरला जोडायला चांगलं यंत्र हवं होतं. मिलिंदनं आमचं सुचवलं, आणि डेरिकचा कोणावर भरवसा नसल्यामुळे तो यंत्रासोबत स्वतः आला. आवाज तपासायला गिटार आणि बास आणली. मी तमाशा बघायला आलो. सवयीनं तिघंही काळ्यात.

मैदानात निळे झेंडे, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया पुढे सतरंज्यांवर, त्यांच्या मांडीवर मुलं. ऊन उतरत होतं. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात कोरसची मंडळी येऊन बसली होती, आणि त्यांत सुखदेवकाका. जुन्या सोबत्यांनी त्यांना घरून ओढूनच आणलं होतं. खंजिरी मांडीवर पालथी होती.

नागपूरची पार्टी मात्र आली नव्हती. स्कूटरवरून निरोप आला की जीप तिलवाऱ्याच्या पुलाआधी बंद पडली आहे, मिस्त्री पाहतो आहे. लोक चुळबुळ करू लागले. समितीचे सेक्रेटरी, पांढऱ्या सफारीतले घामाघूम गृहस्थ, इकडून तिकडे फिरत होते. त्यांची नजर आमच्या गिटारींवर पडली.

"पोरांनो, तुम्ही काही वाजवता म्हणे. थोडा वेळ काढा."

मिलिंद म्हणाला, "ठीक आहे."

आम्ही मरायचं गाणं वाजवणारी माणसं, आणि समोर वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. सेक्रेटरींनी आम्हाला वरून खाली पाहिलं आणि सांगितलं की आज काळ्यात वर चढायचं नाही. शेजारच्या घरांतून पांढरे शर्ट आले. माझ्या शर्टाची बटणं लागेनात, डेरिकचा गुडघ्यापर्यंत आला. मिलिंदनं ओल्या फडक्यानं काजळ पुसलं. बँडचं नाव काय, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं की मला दरदरून घाम येतो. माइकवर त्यांनी जाहीर केलं, "मिलिंद रामटेके आणि पार्टी."

तर गॉथ बँडचा आयुष्यातला एकमेव कार्यक्रम पांढऱ्या कपड्यांत, भर उजेडात, दुसऱ्याच नावानं झाला.

डेरिकनं सुरुवात केली. बास आला. कोरसवाल्यांची ढोलकी मागून घेऊन मी थाप धरली. मिलिंद समोर बघत उभा राहिला आणि म्हणाला,

नळ आला.

धप, धप, धप, धप.

पुढच्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हणाली, "कुठं आला बाई, काल तर आलाच नाही." पोरं खिदळली.

दूध पाहा.

पुन्हा चार मात्रा. हसणं वाढलं. मी मनात पळायचा रस्ता आखत होतो.

जेवून घ्या. दार लावलं काय?

आणि तेव्हा, पहिल्या ओळीतली एक वयस्क बाई हसता हसता थांबली. शेजारणीचा हात धरला. "अवो," ती म्हणाली, "ही तर कमल बोलून राहिली."

कमल म्हणजे मिलिंदची आई. तो शब्द सतरंजीवरून मागे मागे जाताना मी स्टेजवरून पाहिला. बायका गप्प होत गेल्या. त्या तिच्या शेजारी राहिल्या होत्या. भिंतीपलीकडून हे रोज ऐकलं होतं. दिवसभर स्वयंपाकघरातून एकामागून एक हाका, आणि बाहेरच्या खोलीतून प्रत्येक हाकेला एक उत्तर. मीच तेवढा त्या घरात उशिरा गेलो होतो.

मिलिंद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तोच आवाज. नळ आला. चार मात्रा. दूध पाहा. चार मात्रा. त्यानं डावीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. सुखदेवकाका मान खाली घालून बसले होते. शेजारचा सोबती त्यांना काही बोलायला गेला, त्यांनी हात झटकला. त्या माणसाला उठून जायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण समोर ओळ टाकली जात होती, आणि ती रिकाम्या जागेत पडत होती, पुन्हा पुन्हा, सगळ्या वस्तीसमोर, आणि उचलायला कोणी नव्हतं.

दार लावलं काय?

धप. धप.

"लावलं."

तिसऱ्या मात्रेवर. नेमकं. कोरसच्या सुरात, पण हळू. माझा हात ढोलकीवर तसाच चालत राहिला, मी चालवला नाही.

नळ आला.

"आलो."

दूध पाहा.

"पाहतो."

जेवून घ्या.

"घेतो."

काकांनी खंजिरी उचलली नाही. मान वर केली नाही. मिलिंदचा आवाज तसाच कोरडा, आणि आता काकांचाही तसाच. रडणं नाही, काही नाही. दोन माणसं घरातली कामं एकमेकांना सांगत होती. मैदानात एवढी शांतता की यंत्राची घरघर ऐकू येत होती. डेरिकनं कधीतरी गिटार बंद केली होती. कशाचा अर्थ काय, हे या वेळी त्यानं मला विचारलं नाही.

किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. मग मैदानाच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला, नागपूरची पार्टी आली, पोरं ओरडत धावली, लोक उठले. गाणं मधेच सुटलं. टाळ्या पडल्या, त्या जीपसाठी. सेक्रेटरींनी आमची पाठ थोपटून आम्हाला जवळजवळ ढकलूनच खाली उतरवलं. नंतर झालेला कार्यक्रम जोरदार होता म्हणतात. सुखदेवकाका शेवटपर्यंत कोरसला बसले.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या टपरीवर मिलिंदला गाठलं. रात्रभर मी मनातल्या मनात बापलेकांची गळाभेट रंगवली होती, संवादांसकट. विचारलं, काका बोलले?

"हो."

"काय बोलले?"

"दार लाव म्हणाले."

"मग?"

"लावलेलंच होतं."

शेवटी विचारलं, "अरे, तुला काही वाटलं का नाही? तिथं वर?"

त्यानं विचार केला. खरोखर केला. ग्लास पूर्ण पंजात होता.

"तू ढोलकी जलद वाजवत होतास," म्हणाला.

बँड नंतर मोडला असंही नाही, नुसता राहून गेला. डेरिकचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. त्याची मावशी ती कॅसेट आणि चर्चची गाणी घेऊन इथेच राहिली. मी बँकेत लागलो. मिलिंदला पाणीपुरवठा खात्यात नोकरी मिळाली. नळाच्याच खात्यात, मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "हातपंप जास्त आहेत."

तो कुंडमला असतो. जंगलाकडचं गाव. लग्न केलं नाही. वडिलांना तिकडेच घेऊन गेला. मागच्या हिवाळ्यात बँकेच्या कामानं मला कुंडमला जावं लागलं. काम उरकून, शेवटची बस असेपर्यंत, मी त्याच्याकडे गेलो. केस पांढरे झालेत, बाकी तोच. सुखदेवकाका खाटेवर बसले होते, त्या भरदार देहाची नुसती चौकट राहिली आहे. ऐकूही कमी येतं. मला ओळखलं की नाही, कोण जाणे; मी मोठमोठ्यानं हातवारे करून जुन्या गोष्टी सांगितल्या, त्यांनी ऐकल्यासारखं केलं. मिलिंदनं चहा दिला. माझं बोट भाजलं. पुतणीची हकीकत मी रंगवून सांगितली, तर मिलिंद म्हणाला, "तिला ढोलकी येते काय?"

बसची वेळ झाली. मी चपला घालायला दारात उभा राहिलो. मिलिंद आत चुलीकडे वळला होता, दूध तापत होतं. अंधारून येत होतं. तिकडूनच, पाठ न वळवता, त्याच त्या आवाजात तो म्हणाला,

"दार लावलं काय?"

मी मागे पाहिलं. काका खाटेवर तसेच बसलेले, डोळे मिटलेले. काही ऐकू आलं असेल असं वाटेना. मी मनात मोजलं. एक, दोन.

"लावलं," काका म्हणाले.

दार सताड उघडं होतं. मी त्यातच उभा होतो.